सिनेमातला वेडा, बातमीतला माथेफिरू आणि आपल्या घरातला पेशंट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, नोकरी करतो, क्रिकेटवर वाद घालतो, भांडी घासायचा कंटाळा करतो. पेशंटच्या घरच्यांच्या ग्रुपमध्ये मी असते आणि तिथे सिनेमा, सिरीयल, बातम्या यावरून जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र लिहिलेत. मी डॉक्टर नाही, गोळ्या-डोस मला विचारू नका.

सिनेमा म्हणजे सिनेमा, एवढं काय मनावर घ्यायचं?

हार्ट अटॅक सिनेमात कसाही दाखवला, हिरोचा बाप छातीवर हात ठेवून जिन्यावरून गडगडत खाली आला तरी काही बिघडत नाही, कारण आपल्या ओळखीत चार जणांची अँजिओप्लास्टी झालेली असते आणि खरं काय असतं ते आपल्याला माहीत असतं. मानसिक आजाराचं तसं नाही. तो पेशंट तुमच्या बिल्डिंगमध्येच असतो पण तुम्हाला कुणी सांगत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने २०१५-१६ मध्ये जो राष्ट्रीय सर्व्हे केला त्यात मोठ्या माणसांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, म्हणजे साधारण दहात एक, आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांना उपचारच मिळत नव्हते. एवढी माणसं आजूबाजूला आणि दिसत एकही नाही, मग डोक्यात चित्र येणार कुठून? पिक्चरमधून आणि नऊच्या बातम्यांमधूनच.

मला विचाराल तर सगळ्यात मोठं नुकसान 'सायको किलर'मुळे होत नाही. पडद्यावर आजाराची दोनच टोकं दिसतात, एक तर केस पिंजारून किंचाळणारा माणूस नाहीतर शेवटच्या सीनमध्ये खडखडीत बरा झालेला. मधला भाग, म्हणजे दर महिन्याची ओपीडी, गोळीने आलेलं वजन, सकाळी अंथरुणातून उठायला न होणं, परत हळूहळू कामाला लागणं, हा कुणी दाखवतच नाही. आणि घरच्यांचं सगळं आयुष्य त्या मधल्या भागातच जातं. त्यामुळे आपला मुलगा किंचाळत नाही म्हणजे तो आजारी नाही असं आईबाप धरून चालतात आणि डॉक्टरकडे जायला वर्ष-वर्ष उशीर करतात, आमच्या ग्रुपमध्ये ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की आता नवीन कुणी आलं की पुढचं वाक्य आम्हाला आधीच पाठ असतं.

मग सिनेमात नेमकं चुकतं काय? एखादं उदाहरण द्या.

२००३ चा 'तेरे नाम' घ्या. हिरोच्या डोक्याला मार लागतो, मग साखळीने बांधलेला, हिरवी मळकी भिंत, आजूबाजूला विचित्र हसणारे लोक. एका अख्ख्या पिढीने त्याची हेअरस्टाईल उचलली आणि सोबत हेही उचललं की डोकं बिघडलं की माणसाला बांधतात. ग्रुपमधल्या एका काकूंना जेव्हा पहिल्यांदा मुलाला भरती करा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "साखळी नाही ना लावणार?"

दुसरा २००७ चा 'भूलभुलैया'. मला तो पिक्चर आवडतो हे आधीच सांगते, टीव्हीवर लागला की आमच्याकडे चॅनल बदलत नाहीत. पण त्यात होतं काय, तर अमेरिकेहून आलेला सायकियाट्रिस्ट काही दिवसांत निदान करतो, एका रात्रीत मोठं नाटक रचतो, पेशंटचा सूड पूर्ण झाल्यासारखं तिला वाटायला लावतो आणि संपलं. गोळी नाही, फॉलोअप नाही, सहा महिन्यांनी परत त्रास झाला वगैरे काही नाही. बघणाऱ्याच्या मनात बसतं की आजार म्हणजे एक गाठ आहे, कुणीतरी हुशार माणूस येईल आणि ती सोडवेल. मग लोक डॉक्टर बदलत फिरतात, दोन महिन्यांत गाठ सुटली नाही की तिसऱ्याकडे.

स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं, बरोबर?

नाही. ते वेगळं दुखणं आहे, खूप कमी जणांना होतं, आणि सिनेमावाल्यांचं लाडकं आहे कारण एकाच नटाला दोन रोल करता येतात.

स्किझोफ्रेनियात कानात आवाज येणं, कुणीतरी आपल्या मागे आहे असा पक्का संशय, विचार विस्कटणं हे असतं. माझ्या भावाला सुरुवातीला वाटायचं की बातम्या देणारी बाई त्याच्याबद्दलच बोलतेय. साडेसात वाजले की तो उठून आवाज बंद करायचा, नंतर नंतर टीव्हीवर चादर टाकायला लागला, आणि आम्ही सगळे चादरीकडे बघत जेवायचो, कुणी काही विचारायचं नाही. पण याहूनही जास्त त्रासाचं जे असतं ते म्हणजे माणूस आतून बंद पडत जातो. अंघोळ नको, मित्र नकोत, एका जागी तासन् तास बसून राहणं, चेहऱ्यावर काही नाही. घरचे म्हणतात आळशी झालाय, बाप म्हणतो लाडावलाय. हे कुठल्या सिनेमात येणार, यात कॅमेऱ्याला करण्यासारखं काहीच नसतं.

पण हे लोक हिंसक होतात हे तर खरं ना? बातम्यांमध्ये रोज येतं.

थोडं नीट सांगते. उपचार चालू नाहीत, भ्रम जोरात आहे आणि वरून दारू किंवा गांजा असेल तर धोका वाढतो, हे डॉक्टरही मान्य करतात, लपवण्यात अर्थ नाही. पण बहुतेक पेशंट कुणाला हात लावत नाहीत, उलट त्यांनाच मार बसण्याची, लुबाडलं जाण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा जास्त असते. एसटी स्टँडवर फाटके कपडे घालून स्वतःशी बोलणाऱ्या माणसाला पोरं दगड मारतात ते तुम्हीपण पाहिलं असेल. त्याची बातमी कधी वाचलीत?

आणि मराठी पेपरांचा 'माथेफिरू' हा तर कमालीचा माणूस आहे. पुण्यात रात्री पार्किंगमधल्या गाड्या जळाल्या, माथेफिरूचं कृत्य. एकतर्फी प्रेमातून कुणी हल्ला केला, माथेफिरू. पुतळ्याला डांबर फासलं, माथेफिरू. पोलीस पकडतात तेव्हा बऱ्याचदा तो जुनं भांडण असलेला किंवा दारू प्यायलेला साधा गुंड निघतो, पण हेडिंग आधीच छापून गेलेलं असतं. कुठल्या डॉक्टरने तपासलं नाही, काही नाही, उपसंपादकाने रात्री साडेअकराला निदान करून टाकलं. तोच पेपर माझा भाऊ सकाळी चहाबरोबर वाचतो.

आरोपी खरंच मनोरुग्ण असेल तर तसं लिहायचं नाही का?

आजाराचा त्या घटनेशी संबंध आहे असं डॉक्टर किंवा कोर्ट म्हणत असेल तर लिहा, कोण नको म्हणतंय. शेजाऱ्याच्या बाइटवरून लिहू नका एवढंच. डायबेटिस असलेल्या माणसाने चोरी केली तर 'मधुमेही चोर' असं हेडिंग आपण देत नाही.

आणि कायदाही बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला मे २०१८ पासून, त्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट आहे की मानसोपचार केंद्रात उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा त्याच्याबद्दलची माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही. तरी दिवाळी आली की मनोरुग्णालयात फराळ वाटप, आणि दुसऱ्या दिवशी ओळीने बसवलेल्या पेशंटचे चेहरे स्पष्ट दिसतील असे फोटो नगरसेवकांच्या फेसबुकवर. लाडू द्या की, फोटो कशाला पाहिजे.

शॉक ट्रीटमेंट सिनेमात दाखवतात तशीच असते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून सविस्तर लिहिते.

सिनेमात काय असतं, चार वॉर्डबॉय पेशंटला दाबून धरतात, तोंडात काहीतरी कोंबतात, बटण दाबलं की अंग धनुष्यासारखं वाकतं, लाइट लुकलुकतात, आणि बऱ्याचदा हे व्हिलनने कट करून चांगल्या माणसाला वेडं ठरवण्यासाठी केलेलं असतं. म्हणजे शॉक ही शिक्षा.

खऱ्यात त्याला ईसीटी म्हणतात. सकाळी उपाशीपोटी बोलावतात, भूलतज्ज्ञ असतो, इंजेक्शन देऊन झोपवतात, स्नायू सैल पडायचं औषध देतात, मग डोक्याला काही सेकंद नियंत्रित करंट. मेंदूत फिट येते, साधारण मिनिटभराची, पण स्नायू सैल असल्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला पायाचा अंगठा जरासा हललेला दिसला तर दिसला. अर्ध्या-एक तासात पेशंट उठून चहा मागतो. भूल न देता ईसीटी द्यायला २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने बंदी आहे, त्याच कलमात साखळीने बांधायलाही बंदी आहे. अठराच्या आतल्या मुलांना द्यायची असेल तर पालकांची संमती आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य बोर्डाची परवानगी दोन्ही लागतं. साइड इफेक्ट आहेत, त्या काळातलं काही आठवत नाही, काही जणांना ते जास्त दिवस त्रास देतं, ते डॉक्टरला आधी मोकळेपणाने विचारा. पूर्वी भूल न देता देत असत आणि गैरवापरही झालाय, सिनेमाने ते हवेतून आणलेलं नाही. पण सिनेमा तिथेच अडकलाय.

जीव देण्याचे विचार जोरात असतील, खाणं-पिणं बंद झालं असेल तेव्हा गोळ्यांचा परिणाम व्हायला आठवडे लागतात आणि तेवढा वेळ हातात नसतो, तेव्हा ही ट्रीटमेंट जीव वाचवते. आणि नेमकं त्याच वेळी मामा म्हणतो, "शॉक देऊन पोरीचं वाटोळं करायचंय का?" मामाने बघितलेले शॉक सगळे थिएटरमधले.

आत्महत्येच्या बातम्यांबद्दल एवढे नियम कशाला? लोकांना कळायला नको का?

कळू दे, पण कसं सांगता यावर जीव अवलंबून असतो, हे सिद्ध झालेलं आहे. व्हिएन्नामध्ये १९८० च्या दशकात मेट्रोतल्या आत्महत्यांच्या बातम्या पेपर रंगवून द्यायचे, १९८७ मध्ये तिथे पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या, पेपरांनी त्या पाळल्या आणि मेट्रोतल्या आत्महत्या आणि तसे प्रयत्न झपकन खाली आले. उलटंही खरं आहे, अडचणीतून बाहेर पडलेल्या माणसाची गोष्ट छापली तर वाचणाऱ्याला आधार मिळतो.

आपल्याकडे प्रेस कौन्सिलने, म्हणजे पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, सप्टेंबर २०१९ मध्ये नियम घातले: पहिल्या पानावर ठळक नको, पद्धतीचं वर्णन नको, जागेचा तपशील नको, चिठ्ठी-फोटो नको, सनसनाटी हेडिंग नको. नऊ महिन्यांनी, जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला आणि टीव्हीवर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या आजाराची, गोळ्यांची चर्चा अँकर ओरडून करत होते, डिप्रेशन म्हणजे काहीतरी लपवायचा बहाणा असल्यासारखी. ते बघून ग्रुपमधल्या एका मुलीने ट्रीटमेंटच्या फाइलचे फोटो मोबाइलमधून डिलीट केले होते, उद्या कुणाच्या हाती लागले तर म्हणून. मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये त्या कव्हरेजवर कडक ताशेरे ओढले आणि नियम पाळायला सांगितले. फरक पडला का? पेपरांमध्ये थोडा, बातमीखाली आता हेल्पलाइन नंबर तरी दिसतो. चॅनलबद्दल न बोललेलं बरं.

नंबर आलाच आहे तर १४४१६, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरू नका, २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की तो माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, उलट त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी.

हॉरर पिक्चरमधली बाधा आणि 'अंगात येणं' याचा आजाराशी काय संबंध?

गावाकडे अजूनही पहिला नंबर देवऋषीचा आणि सिरीयलवाले त्याला खतपाणी घालतात. आवाज बदलला, डोळे फिरवले, बाईने केस मोकळे सोडले की बाधा, मग मांत्रिक, मग लिंबू. चॅनल खाली बारीक अक्षरात लिहितं की आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही, ते वाचायला चष्मा लागतो. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं हा गुन्हा आहे. आणि बांधून ठेवण्याचा शेवट कुठे होतो ते तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला दिसलं, दर्ग्याच्या गावातल्या खाजगी निवाऱ्याला पहाटे आग लागली, पेशंट साखळदंडांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले.

'येरवड्याला पाठवा' असा विनोदही करायचा नाही का आता?

करा बापडे. पुण्याकडे येरवडा, मुंबईकडे ठाणे, विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी, चारही ठिकाणी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि चारही गावांच्या नावाने हा जोक आहे. मी विनोदाच्या विरुद्ध नाही, आमच्या ग्रुपमध्ये जे जोक चालतात ते बाहेर सांगण्यासारखे नाहीत. अडचण एवढीच की येरवड्याची ओपीडी चांगली स्वस्तात होते, आणि लोक तिथे जायला तयार नसतात कारण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तो आरशातून बघतो. बाकावर बसलेल्या बायका पदर पुढे ओढून, तोंड भिंतीकडे करून बसतात, ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून. गोळ्या आपल्या एरियातल्या मेडिकलमधून घ्यायच्या नाहीत, दोन स्टॉप लांब जाऊन घ्यायच्या.

तक्रार केल्याने कधी कधी बदलतंही. २०१९ मध्ये 'मेंटल है क्या' नावाचा पिक्चर येणार होता, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने सेन्सॉर बोर्डाकडे हरकत घेतली, रिलीजच्या आधी नाव 'जजमेंटल है क्या' झालं. सुप्रीम कोर्टानेही जुलै २०२४ मध्ये अपंगत्वाच्या चित्रणाबद्दलच्या एका निकालात फरक सांगितलाय, अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा आणि माणसाला कमी लेखणारा वेगळा. मानसिक आजार २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात येतोच, तेव्हा हे आपल्यालाही लागू.

सायकियाट्रिस्ट 'डिअर जिंदगी'मधल्यासारखा समुद्रावर फिरवत गप्पा मारतो का?

गोव्यातही नाही मारत. त्या पिक्चरने (२०१६) एक चांगलं केलं, शहरातल्या तरुण पोरांना थेरपी म्हणजे लाजायची गोष्ट नाही हे पटलं, आणि थेरपिस्ट पेशंटच्या प्रेमात पडत नाही, वेळ संपली की संपली म्हणतो, हे हिंदी सिनेमात दुर्मिळच. पण सरकारी ओपीडीत डॉक्टरसमोर तुम्हाला पाचेक मिनिटं मिळतात, त्यात झोप, भूक, गोळ्या एवढंच होतं. लोक निराश होऊन येतात की डॉक्टर बोललाच नाही. गोळ्या लिहिणारा सायकियाट्रिस्ट आणि बोलून उपचार करणारा सायकॉलॉजिस्ट हे बऱ्याचदा दोन वेगळे लोक असतात, दोघांची गरज असू शकते. आधी माहीत असलं की राग येत नाही.

सेलिब्रिटी बोलल्याने काही होतं का?

डिप्रेशनबाबत झालं. दीपिका पदुकोण २०१५ मध्ये बोलली त्यानंतर निदान तो शब्द घरात उच्चारता यायला लागला. स्किझोफ्रेनियासाठी मात्र अजून कुणी पुढे आलेलं नाही, आणि कामं जातील या भीतीने कुणी येईल असं वाटतही नाही.

'चौकट राजा'तला नंदू मनोरुग्ण होता का?

नाही, त्याची बौद्धिक वाढ थांबलेली आहे, ते वेगळं. प्रभावळकरांनी काम अप्रतिम केलंय.

मग चांगलं काही आहे का बघण्यासारखं?

आहे, आणि मराठीतच आहे, हे अभिमानाने सांगते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे तीन सिनेमे.

'देवराई' २००४ चा. अतुल कुलकर्णीचा शेष, स्किझोफ्रेनिया, आणि सोनाली कुलकर्णी त्याची बहीण. या सिनेमाच्या मागे डॉ. जगन्नाथ वाणी होते, कॅनडात संख्याशास्त्र शिकवायचे, पत्नीला हाच आजार होता, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांनी उभी केली. म्हणूनच त्यात बहिणीची ओढाताण आहे, भावाला घरी आणलं की नवरा, संसार आणि भाऊ यात तिचं काय होतं ते. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला शेषपेक्षा तीच जास्त ओळखीची वाटली. मी वर जो मधला भाग म्हटला ना, तो इथे आहे.

'अस्तु'मध्ये डॉ. मोहन आगाशे स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित आहेत, गाडीतून उतरतात आणि रस्त्यावरच्या हत्तीच्या मागे चालत निघून जातात. आगाशे खऱ्या आयुष्यातही सायकियाट्रिस्ट आहेत, त्यामुळे कुठेही वेडेपणाची ॲक्टिंग नाही. आणि 'कासव', ज्याला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. जगणं नकोसं झालेला एक मुलगा आणि त्याला कोकणातल्या घरी आणणारी, स्वतःही त्यातून गेलेली बाई. ती त्याला उपदेश करत नाही, प्रश्न विचारत नाही, जेवण ठेवते आणि थांबते. संथ आहे, पॉपकॉर्न घेऊन बसायचा सिनेमा नाही.

यातला एकही थिएटरमध्ये धो धो चालला नाही हे वेगळं सांगायला नको.

पेशंटबरोबर असे सिनेमे बघावेत का?

त्याला विचारा. तब्येत स्थिर असेल आणि त्याला बघायचं असेल तर बघा, तुम्हाला त्याला काहीतरी शिकवायचंय म्हणून बसवू नका. माझ्या भावाने 'देवराई' अर्धा बघितला, म्हणाला बरा आहे, आणि मॅच लावली.

चुकीचं काही दाखवलं तर तक्रार कुठे करायची?

पेपरची असेल तर आधी संपादकाला लिहा, दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल. न्यूज चॅनलची असेल तर आधी त्या चॅनलच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, त्यांनी उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर एनबीडीएसएकडे, म्हणजे न्यूज चॅनलच्या संघटनेच्या तक्रार मंडळाकडे, मात्र ते फक्त त्यांच्या सदस्य चॅनलना लागू होतं. सिरीयल-रिॲलिटी शोसाठी बीसीसीसी, म्हणजे मनोरंजन चॅनलचं तसंच तक्रार मंडळ आहे. तक्रारीला मुदत असते म्हणून महिनाभर चिडून नंतर लिहू नका, त्याच आठवड्यात पाठवा, कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं कुठलं वाक्य ते लिहा, आणि पेपरचं कात्रण किंवा स्क्रीनशॉट तेव्हाच काढून ठेवा कारण ऑनलाइन हेडिंग दोन तासांत बदललेलं असतं. पेशंटचं नाव तक्रारीत घालायची गरज नाही.